‘मौनमोचन’चा शेवट अजून ठरायचा आहे

हमीदभाई,

तुमच्या इमरानचा फोन आला तेव्हा मी तालमीला निघाले होते. एक चप्पल पायात होती, दुसरी दाराशी. "मावशी, अब्बा गेले," तो म्हणाला. आणि माझ्या तोंडून काय निघालं, माहीत आहे? "असे कसे गेले? आमचं अजून ठरायचं आहे."

बोलून गेल्यावर मलाच कसंतरी झालं. नुकताच बाप गेलेल्या मुलाला कोणी असं म्हणतं का? पण तो पलीकडून रडता रडता म्हणाला, "हो मावशी. मले माहीत हाय. नाटकाचा शेवट ठरायचा होता."

म्हणजे आपलं भांडण तुमच्या घरात सगळ्यांना पाठ होतं.

परवा आमच्या मंडळींनी तुमच्यासाठी शोकसभा घेतली. तुमचा जन्म कुठला, शिक्षण किती, कॉलेजात इतिहास किती वर्षं शिकवला, सगळं नीट वाचून दाखवलं. ऐकताना मला वाटलं, हा कोणी दुसराच माणूस आहे. मी ओळखत होते तो माणूस अकोल्यात माझं नाटक संपल्यावर रंगपटात घुसला होता, आणि अभिनंदन करायचं सोडून म्हणाला होता, "ताई, काम झकास केलं तुम्ही. पण पेशव्यांच्या काळात सेफ्टीपिन नव्हती. तिसऱ्या रांगेतून चमकून राहिली होती."

मी चिडले. दिवसभर विम्याच्या ऑफिसात फायली उपसायच्या आणि संध्याकाळी तालमी करायच्या, असं करत ते नाटक उभं केलं होतं आम्ही. मी म्हटलं, "तुम्हाला नाटक दिसलं की पिनच दिसली?" तुम्ही खुर्ची ओढून बसलात आणि म्हणालात, "दोन्ही दिसलं. म्हणून तर आलो."

मग तुम्ही बोलत राहिलात आणि मी अर्धा मेकअप पुसलेल्या तोंडानं ऐकत राहिले. इंग्रजांच्या अमदानीत वऱ्हाड नावाला निजामाचं आणि कामाला इंग्रजाचं होतं, त्या काळातल्या गोष्टी. कापूस विकला गेला की लोकांच्या हातात पैसा खुळखुळायचा, तेव्हा नाटक कंपन्या पुण्या-मुंबईकडून इकडे यायच्या. जिनिंगच्या आवारात कनाती लागायच्या. गावोगावचे लोक बैलगाड्या जुंपून यायचे, शिदोऱ्या सोबत. गाजलेली नाटकं सगळ्यांना माहीत आहेत, तुम्ही म्हणालात, त्यांच्यावर पुस्तकं निघाली. पण जी नाटकं गाजली नाहीत, इकडेच कुठेतरी पडली, मोडली, बंद झाली, त्यांचं काय? एक कंपनी अकोल्यातच बुडाली, तेव्हा तिच्यातले नट इथेच राहिले. कोणी शिंपी झाला, कोणी पोरींना पेटी शिकवू लागला. "नाटक बंद पडलं, पण त्या पेटीवाल्यानं शिकवलेल्या पोरी अजून हायेत ताई. म्हाताऱ्या झाल्या. त्यांले कोणी विचारून नाई राहिलं."

तुम्ही विचारत होतात. आयुष्यभर तेच केलंत. गावोगाव हिंडून, पडलेल्या नाटकांची चौकशी करत.

आमच्या घरी फुलांचा धंदा. वडिलांचं गजऱ्यांचं दुकान होतं अमरावतीत, आता भाऊ बघतो. तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा माझ्या भावाला वाटलं, कोणीतरी लग्नाची ऑर्डर द्यायला आलं. तुम्ही शेवंतीच्या ढिगाजवळ उभं राहून त्यालाच विचारलंत, "तुमच्या आजोबांनी नाटकवाल्यांना हार पुरवले असतील ना? काही ऐकलं का कधी?" भाऊ अजून सांगतो ती गोष्ट. म्हणतो, असं गिऱ्हाईक पुन्हा आलं नाही, ज्यानं एक फूल घेतलं नाही आणि तासभर चहा प्यायला.

‘संगीत मौनमोचन’ तुम्हाला मिळालं ते एका जुन्या वाचनालयाच्या रद्दीत. मुखपृष्ठ नाही, पहिलं पान नाही, लेखकाचं नाव त्या पानाबरोबर गेलेलं. प्रत्येक पानाच्या माथ्यावर छापलेलं नाटकाचं नाव तेवढं उरलं होतं. तुम्ही अकोल्याहून एसटीनं ते माझ्याकडे घेऊन आलात, रुमालात गुंडाळून, एखादं आजारी पाखरू आणावं तसं. मी जेवण विसरून वाचून काढलं. एक राजा आहे, पण राज्य चालवतो परदेशातून आलेला त्याचा सल्लागार. दुष्काळात धान्यवसुलीच्या विरोधात बोलणाऱ्या एका माणसाला ते तुरुंगात टाकतात. राणी मौन धरते. तो सुटेपर्यंत मी बोलणार नाही, म्हणते. चार अंक ती बोलत नाही. मग शेवटच्या अंकात राजा तिला भर दरबारात उभी करतो, लोकांना दाखवायला की सगळं आलबेल आहे. आणि तिथे ती बोलते. पुस्तकात ते भाषण चांगलं दोन पानांचं आहे. "महाराज, ज्या राज्यात खरे बोलणाऱ्याला साखळदंड मिळतात, तेथे राणीचे मौन हासुद्धा दरबाराचा दागिनाच होतो. हा दागिना आज मी उतरवून ठेवते."

मी वर बघितलं. तुम्ही माझा चेहरा न्याहाळत बसला होतात. मी म्हटलं, "हमीदभाई, हे मी करणार."

"करा न," तुम्ही म्हणालात. "तुमच्यासाठीच तर आणलं."

तिथपर्यंत आपलं एकमत होतं. बार्शीटाकळीला गेलो नसतो तर पुढेही राहिलं असतं कदाचित.

बार्शीटाकळीच्या अनुसयाबाईंचा पत्ता तुम्हीच काढलात. त्यांचे वडील हे नाटक करणाऱ्या कंपनीत होते असं कळलं होतं. आपण गेलो तेव्हा त्या ओसरीवर बसून तूर निवडत होत्या. कानानं कमी, पण आवाज खणखणीत. तुम्ही मोठ्यानं विचारलंत, "आजी, तुमचे वडील नाटकात काय करत होते?"

"माहा बाप राणी व्हायचा," त्या म्हणाल्या. इतक्या सहज, जसं कोणी म्हणावं, माहा बाप तलाठी होता.

त्या काळी बायकांची कामं पुरुषच करायचे हे मला ठाऊक होतं. पण ते वाक्य ऐकून माझ्या अंगावर काटा आला. मी ज्या राणीचं काम करणार होते ती राणी म्हणजे या बाईचे वडील. सुपातली तूर पाखडता पाखडता त्यांनी सांगितलं ते असं: प्रयोगाला साहेबाची परवानगी लागायची, पुस्तक आधी वाचायला द्यावं लागायचं. परवानगी आली, पण राणीचं शेवटचं भाषण कापून आली. त्यातला एक शब्द बोलाल तर कंपनी बंद. मॅनेजर म्हणाला, शेवटचा अंकच गाळू. त्यांचे वडील म्हणाले, नाही, मी जातो आणि उभा राहतो.

"अन् राह्यले उभे. पोलीस पुढं पुस्तक घेऊन बसलेला. माहा बाप उभा, एक सबद नाई. पोलीस काय करन? कोणता सबद पकडन? तसाच पडदा पडला."

तुमचे डोळे चमकले. तुम्ही विचारलंत, "अन् लोकं, आजी? लोकं काय करत?"

"लोकं? कोणी रडत. कोणी उठून चालले जात. एकदा म्हने कोणी ओरडलं, मंग कनातीत लय गलबला झाला." त्यांनी सूप खाली ठेवलं. "पन माहा बाप म्हने, अनुसया, त्या वक्ताले मले लय लाज वाटे. तोंडात सबद असून उभं राह्यचं म्हंजे कसं वाटते, तुले नाई समजनार."

एवढंच. आपण दोघांनी एकाच ओसरीवर बसून एकच गोष्ट ऐकली, हमीदभाई. पण बाहेर पडलो तेव्हा तुमच्याकडे तिचा पहिला अर्धा भाग होता आणि माझ्याकडे दुसरा.

स्टँडवर येईतो तुमचं ठरलंही होतं. "ताई, शेवट सापडला! भाषण नाई करायचं. राणी येईल अन् उभी राहील, जसं तेव्हा झालं तसं. हे नाटक पुस्तकात एक हाय अन् वऱ्हाडात दुसरंच झालं. आपल्याले वऱ्हाडातलं दाखवायचं हाय."

मी म्हटलं, "लेखकानं बाईला चार अंक गप्प ठेवलं ते शेवटी बोलण्यासाठी. साहेबानं तिचं तोंड बंद केलं. आता साहेब गेला, आणि तुम्ही पुन्हा बंद करणार?"

"मी नाई बंद करून राहिलो. मी दाखवून राहिलो की बंद केलं होतं."

"उभ्या राहणाऱ्याला लाज वाटत होती. ते ऐकलं नाही तुम्ही?"

"ऐकलं. लाज वाटत होती तरी उभा राहिला. ते तुम्ही नाई ऐकलं."

बसमध्ये सगळे वळून वळून बघत होते. कंडक्टर म्हणाला, "काका, मावशी, भांडन घरी जाऊन करा न." त्याला वाटलं आपण नवरा-बायको. तुम्ही एवढे हसलात की टोपी हातात घ्यावी लागली.

पण मी हसले नव्हते, आणि ते तुमच्या लक्षात आलं. अकोल्याला न उतरता तुम्ही माझ्याबरोबर पुढे आलात. मूर्तिजापूरच्या स्टँडवर बस थांबली तेव्हा तुम्ही विचारलंत, "काहून एवढं लागलं तुम्हाले?" तेव्हा मी सांगितलं, जे मी माझ्या बहिणीलाही सांगितलं नव्हतं. माझ्या सासरी पहिली कितीतरी वर्षं मला बोलायची मुभा नव्हती. मारहाण नाही, काही नाही. फक्त मी बोलले की सासरे उठून जायचे. जेवणावरून उठायचे. मग सगळे माझ्याकडे बघायचे. होता होता मी बोलणं सोडलं. नवरा गेल्यावर, चाळिशीत, पहिल्यांदा नाटकात उभी राहिले आणि मोठ्यानं बोलले, तेव्हा माझा आवाज ऐकून मलाच दचकायला झालं होतं. "मला गप्प उभं राहण्याचा अभिनय करावा लागत नाही, हमीदभाई," मी म्हणाले. "ते मला येतं. मला ते पुन्हा करायचं नाही."

तुम्ही उठलात. खाली उतरलात, उसाचा रस घेऊन आलात, माझ्या हातात दिलात. अमरावती येईपर्यंत तुम्ही गप्प होतात आणि मी त्याबद्दल तुमची किती आभारी होते, हे कधी सांगितलं नाही. कोणीही त्या वेळी काहीतरी समजुतीचं बोललं असतं. तुम्ही बोलला नाहीत.

पुढच्या तालमीला आलात ते तोडगा घेऊनच. "अकोल्यात माझं, अमरावतीत तुमचं. अकोल्याच्या प्रयोगात राणी गप्प. अमरावतीच्या प्रयोगात राणी बोलेल. मग ठरवू." आणि मग, इकडे तिकडे बघत, कपाळ खाजवत, तुमची गोष्ट सांगितलीत. अचलपुरात तुमच्या वडिलांचं कापडाचं दुकान होतं. गावात एकदा ताणतणाव झाला, बाजार बंद पडला. शटर उघडायला कोणी धजेना. वडिलांनी दुकान उघडलं आणि दारात स्टूल टाकून बसले. गिऱ्हाईक कोणी नव्हतं. ना घोषणा, ना तक्रार, कोणाशी एक शब्द नाही. संध्याकाळपर्यंत बसून राहिले. दुसऱ्या दिवशी समोरच्या किराणावाल्यानं त्याचं दुकान उघडलं. "ताई, तुम्हाले बोलू दिलं नाई, म्हणून तुमच्यासाठी बोलणं मोठं. मी पाहिलं ते वेगळं हाय. माह्या बापाचं तिथं बसून राहणंच बोलणं होतं."

त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की आपण नाटकाबद्दल भांडत नव्हतोच.

अकोल्याचा प्रयोग. तुम्ही विंगेत उभे. मी राणी. शेवटच्या अंकात मला दरबारात आणलं, राजा म्हणाला, "सांगा राणीसरकार, प्रजेला सांगा." आणि मी उभी राहिले. ठरल्याप्रमाणे. बोलायचं नाही, मान खाली घालायची नाही, समोर बघायचं. आधी शांतता होती. मग कोणीतरी खोकलं. मग मागून हसण्याचा आवाज आला, पोरांना वाटलं बाई वाक्य विसरली. अनुसयाबाईंचे वडील आठवले मला, खरंच सांगते. तोंडात शब्द असून उभं राहायचं.

आणि तेवढ्यात मधल्या रांगेतून एका बाईचा आवाज आला. "बोल नं वं माय! काहून चूप राह्यली?"

सभागृहात हसू फुटलं आणि लगेच विझलं. कारण ती बाई उठून उभी राहिली होती. साधीच, डोक्यावर पदर, कडेवर नातवंड. पुन्हा म्हणाली, "बोल नं! कोनाले भेतं?" मग दुसऱ्या बाजूनं एक म्हातारा म्हणाला, "सोडा म्हना त्याले!" तुरुंगातल्या त्या माणसाबद्दल, हमीदभाई. नाटकातल्या माणसाबद्दल. मग तीन-चार ठिकाणांहून आवाज आले. मी शब्द दिला होता म्हणून गप्प राहिले. पडदा पडला.

विंगेत तुम्ही माझे दोन्ही हात धरलेत. आणि आपण दोघं एकाच वेळी बोललो. मी म्हणाले, "बघितलं? लोकांना ऐकायचं होतं!" तुम्ही म्हणालात, "बघितलं? लोकं बोलले!"

मग आपण एकमेकांकडे बघितलं आणि मॅडसारखे हसत सुटलो. राजाचं काम करणारा मिशी काढता काढता विचारत होता, "काय झालं, काय झालं?" त्याला काय सांगणार?

अमरावतीचा प्रयोग मात्र लांबला. तुम्ही निवृत्त होऊन अचलपूरला घर बांधलंत आणि लगेचच किडन्यांनी दगा दिला. डायलिसिससाठी इमरान तुम्हाला अमरावतीला आणू लागला. मी मध्ये मध्ये येऊन बसायची. तुम्ही थकलेले असायचात, हात सुजलेला, पण मी आले की पहिला प्रश्न, "प्रयोग कधी?" पाणी मोजून प्यायचं होतं, आणि तुमच्यासारखा चहाबाज माणूस बशीतल्या दोन घोटांवर आला होता. एकदा तुम्ही म्हणालात, "ताई, मी सगळ्या पडलेल्या नाटकांचं काम केलं. आता हे शरीरही त्यातलंच एक झालं. चालते कमी, अडते जास्त." मी तुम्हाला रागावले. तुम्ही म्हणालात, "रागवा, रागवा. त्यानंच बरं वाटते."

अमरावतीत मी बोलले. तुम्ही पहिल्या रांगेत कोपऱ्यात बसला होतात, खांद्यावर शाल, शेजारी इमरान. मी ती दोन पानं बोलले, एकही वाक्य न गाळता. "हा दागिना आज मी उतरवून ठेवते" म्हणताना माझा आवाज कापला, आणि तो अभिनय नव्हता. टाळ्या खूप पडल्या. मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही टाळ्या वाजवत नव्हतात. डोळे पुसत होतात.

मला वाटलं, जिंकले. धावत खाली आले. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात, पहिल्यांदाच, आणि म्हणालात, "आवाज सुंदर लागला ताई. लय सुंदर." मी वाट बघत होते. तुम्ही शाल सावरलीत. "पण मत माहं तेच हाय."

"हमीदभाई!"

"अचलपूरला करू आता. माह्या गावात. तिथं काय करायचं ते बसून ठरवू."

बसणं झालं नाही.

अचलपूरला मी दफनानंतर पोचले. अंगणात माणसंच माणसं. तुमचे विद्यार्थी, कापडवाले, भाजीवाले, परतवाड्याची दोन नाटकवाली मंडळी आणि एक अगदी म्हातारे गृहस्थ, ज्यांना कोणीच ओळखत नव्हतं. त्यांच्या वडिलांच्या कुठल्याशा बंद पडलेल्या नाटकाबद्दल तुम्ही त्यांना भेटला होतात म्हणे. ते कोपऱ्यात बसून रडत होते. मी आत रेहानाभाभींजवळ जाऊन बसले. त्या दिवशी त्या काही बोलल्या नाहीत, मीही नाही. एवढ्या बोलक्या बाई. आपलं भांडण चालू असलं की स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "चाय ठंडी हो रही है, बादमे लडो!"

दोन आठवड्यांनी पुन्हा गेले. भाभींची इद्दत चालू आहे, नवऱ्यामागे घरात राहायचे ते दिवस. पांढरी ओढणी, हातात बांगडी नाही. स्वयंपाकघरात चहा टाकत होत्या. मी त्यांना सांगितलं की आमची मंडळी म्हणतात, अचलपूरचा प्रयोग तुमच्या आठवणीत करू, आणि तुमच्या इच्छेप्रमाणे राणीला गप्प ठेवू. मलाही ते पटत चाललं होतं. गेलेल्या माणसाचा एवढा मान ठेवावा.

भाभी वळल्या. "एक बात बताऊं आपको?" म्हणाल्या. मग सांगितलं.

शेवटचे कितीतरी महिने मशीनवर पडल्या पडल्या तुम्ही तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणायचात. "पहले मुझे लगा, दुआ पढ रहे हैं. मी पण हात पसरून बसायची. एक दिवस नीट ऐकलं, तर काय! राणी बोलून राहिली! ‘महाराज, ज्या राज्यात खरे बोलणाऱ्याला...’ पूर्ण. दोन्ही पानं. शेजारच्या पलंगावरच्या पेशंटले पण म्हणून दाखवलं त्यांनी. मी म्हटलं, अहो, हे तर तुम्हाले नको होतं नाटकात! तर म्हणतात, नाटकात नकोच. पण लिहिलं काय जबरदस्त हाय, अन् ताई काय बोलते!"

मी उठून ओट्याजवळ गेले. मी म्हटलं, "मग मला का नाही सांगितलं हो? एकदा तरी सांगायचं!"

"मीनं तेच म्हटलं. तर बोलले, नको सांगू. सांगितलं तर सुनंदाताईला वाटेल ती जिंकली. भांडण संपेल. मग माह्याशी कोण भांडेल?"

मी रडले, हमीदभाई. दफनाच्या दिवशी रडू आलं नव्हतं ते सगळं तिथे, तुमच्या गॅसच्या ओट्याजवळ. भाभी पण रडल्या. मग मध्येच मला हसू आलं, आणि त्यांनाही आलं. चहा उतू गेला. त्यांनी ओटा पुसला, उरलेला चहा दोन कपांत ओतला.

मी म्हटलं, "भाभी, मग मी काय करू अचलपूरला?"

त्यांनी कपात साखर ढवळली. "वो होते तो फिर भी मना करते," म्हणाल्या. "तुम्ही भांडायचं कशाला सोडून राहिल्या? माणूस गेला म्हणून त्याचं लगेच ऐकायला लागल्या?" कप माझ्या हातात दिला. "इद्दत संपू द्या. मग लावा प्रयोग. मी कधी पाहिलं नाई तुमचं नाटक, दर वेळी घरी कोणी ना कोणी पाहुणे. यंदा येईन. मागं बायकांत बसीन. जोरात बोला, मला ऐकू आलं पाहिजे."

तर असं ठरलं आहे. तुम्हाला पटणार नाही, ठाऊक आहे मला. भाभींनाही ठाऊक आहे. तरी अचलपूरला, तुमच्या गावात, मी बोलणार आहे.